सायकलस्वाराच्या खिशातील चिठ्ठी

हैदराबाद शहरात नल्लकुंटा नावाची एक वस्ती आहे. तेलुगू भाषेत ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंट’ म्हणजे लहानसे तळे. आज तेथे तळे शोधू जाणाऱ्यास घरे, दुकाने आणि वाहनांच्या रांगाच अधिक आढळतील. एका बाजूला विद्यानगर आणि त्यापुढे उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार. दुसऱ्या बाजूला बरकतपुरा आणि काचीगुडा. या भागात मराठी कुटुंबे निजामी राजवटीपासून नांदत आली आहेत. पहाटे साडेपाचच्या सुमारास या रस्त्यांवर ज्या सायकली दिसतात त्या दोन प्रकारच्या असतात. काही पोटासाठी चालतात. त्यांवर वर्तमानपत्रे टाकणारी मुले, दूधवाले, रात्रपाळी संपवून घरी परतणारे रखवालदार असतात. काही प्रकृतीसाठी चालतात. त्यांवर असतात निवृत्त कारकून, बँकेतील अधिकारी, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेले गृहस्थ आणि अलीकडे पुष्कळशा गृहिणीही.

या दोन्ही प्रकारच्या स्वारांत एक साम्य आहे. घरातून निघताना त्यांच्या खिशात बहुधा काहीच नसते. पाकीट हरवेल म्हणून ते घरी ठेवलेले असते, चष्म्याचे घर घरी असते आणि औषधांची पेटी तर कपाटात असतेच असते. ‘तासाभरात तर परत यायचे आहे’ हा हिशेब त्यामागे असतो, आणि तो बहुतेक दिवशी बरोबरही ठरतो.

परंतु समजा, एखाद्या सकाळी अशा साठीच्या गृहस्थाची सायकल वळणावरच्या वाळूत घसरली, किंवा मागून आलेल्या वाहनाचा धक्का लागून ते डोक्यावर आपटले. दोन मिनिटांत माणसे जमतात. कोणी पाणी आणतो, कोणी सायकल उचलून कडेला लावतो. पहिला प्रश्न सर्वांच्या तोंडी एकच असतो: हे कोण? आणि ज्याने उत्तर द्यावयाचे तो बेशुद्ध पडलेला असतो. मोटारसायकलवाला पडला असता तर निदान वाहनाच्या क्रमांकावरून पोलिसांना मालकाचा पत्ता काढता आला असता; खिशातल्या परवान्यावर नाव, पत्ता, एवढेच नव्हे तर रक्तगटही बहुधा मिळाला असता. सायकलीला क्रमांक नाही आणि सायकलस्वाराला परवाना लागत नाही. एके काळी पुण्यासारख्या शहरांत नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पितळी बिल्ला देत असे, आणि तो नसला की चौकातला शिपाई सायकल अडवीत असे. त्या बिल्ल्याचा जाच जुन्या मंडळींच्या चांगला स्मरणात आहे. तो गेला याचे दुःख कोणी करू नये; पण सायकलीला आणि तिच्या मालकाला जोडणारा तो एक सरकारी धागा होता, आणि आज तेवढाही राहिलेला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास, म्हणजे चार हजारांहून अधिक आहे. जे वाचले, पण काही तास वा काही दिवस बोलू शकले नाहीत, त्यांची गणती या आकड्यात नाही. या लेखाचा विषय मुख्यतः ती माणसे आहेत.

अपघात झाल्यावर मदत मिळत नाही, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती आज पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी प्रथम सुरू झाली ती हैदराबादेतच, आणि पुढे ती अनेक राज्यांनी उचलली. ११२ हा सर्व संकटांसाठी एकच असा राष्ट्रीय क्रमांकही आता तेलंगणात चालतो. जखमीला उचलणाऱ्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागतो ही भीती होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतगारांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक ठरविले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घातले गेले. मदत करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ‘हे पोलिसांचे प्रकरण आहे, येथे घेणार नाही’ असे म्हणून जखमीला दारातून परत पाठविण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने त्याही पूर्वी, १९८९ मध्येच, चुकीची ठरविली होती. तो खटला मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूवरून उभा राहिला होता. जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. इतकेच नव्हे, मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्यास पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळावेत अशी योजना मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केली. मात्र मोटारीचा संबंध नसताना स्वतःच घसरून पडलेला सायकलस्वार तिच्यात बसत नाही.

तेव्हा गाडी येते, रुग्णालय दाखलही करून घेते. मग उणीव कशाची राहते? उणीव राहते ती माहितीची. रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ’ एवढीच ओळ लिहिली जाते. उपचार सुरू होतात, पण ते अंधारात हात चाचपीत चालावे तसे. आणि इकडे घरची मंडळी आठ वाजेपर्यंत वाट पाहतात, नऊ वाजता शेजाऱ्यांना विचारतात, दहा वाजता रस्ता धुंडाळू लागतात. नल्लकुंट्यात तर त्यांची एक विशेष फसगत होण्यासारखी आहे. तेथे मोठे सरकारी रुग्णालय अगदी हाकेच्या अंतरावर आहे; घाबरलेला माणूस प्रथम तिकडेच धावणार. परंतु लोक ज्याला ‘फीव्हर हॉस्पिटल’ म्हणतात, आणि जुने हैदराबादी ‘क्वारंटाइन’ या शब्दावरून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात, ते हे रुग्णालय साथीच्या व संसर्गजन्य रोगांसाठी आहे. त्याला नाव दिले आहे सर रोनाल्ड रॉस यांचे, ज्यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले. डोके फुटलेल्या माणसाला १०८ ची गाडी तेथे नेणार नाही. ती मुशीराबादेच्या गांधी रुग्णालयात नेईल, नाही तर मुसी नदीकाठच्या उस्मानिया रुग्णालयात, किंवा वाटेतील एखाद्या खासगी रुग्णालयात. म्हणजे माणूस एका टोकाला आणि त्याचे घरचे दुसऱ्या टोकाला, आणि मधे एकही धागा नाही.

हा धागा म्हणजे एक लहानशी चिठ्ठी. भेटीच्या पत्रिकेएवढा जाड कागद, त्यावर पाच-सहा ओळी, आणि वर प्लॅस्टिकचे आवरण. खर्च म्हणावा तर चहाच्या पेल्याइतका. तथापि ती चिठ्ठी कोणी लिहावयास बसले की लक्षात येते की ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. काय लिहावे आणि काय गाळावे याला विचार लागतो.

सर्वांत वर येतो तो दूरध्वनीचा क्रमांक, आणि त्यातच बहुतेकांची पहिली चूक होते. पतिपत्नी दोघेही सायकलने बरोबर निघत असतील तर एकमेकांचे क्रमांक लिहून काय उपयोग? मुलगा परदेशी असेल तर भारतातील पहाटे तो कामात असेल किंवा झोपेत. ज्याचा क्रमांक लिहावयाचा तो माणूस गावात असावा, त्या वेळी जागा असण्याचा संभव असावा, आणि मुख्य म्हणजे त्याने तो फोन उचलला पाहिजे. आजकाल अनोळखी क्रमांकावरून फोन आला की तो न घेण्याची सवय सर्वांना लागली आहे. कर्जे विकणाऱ्यांनी आणि ठकांनी ती लावली आहे. अपघातस्थळाहून येणारा फोन मात्र नेहमीच अनोळखी क्रमांकावरून येतो, कारण तो रस्त्यावरच्या कोणा भल्या माणसाचा किंवा रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याचा असतो. म्हणून चिठ्ठीत नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे, आणि अमुक वेळात मी रस्त्यावर असतो, तेवढा वेळ कसलाही फोन आला तरी घ्यावा, असे सांगून ठेवावे. एकाऐवजी दोन क्रमांक लिहावेत, आणि दुसरा शक्यतो दुसऱ्या घरातला असावा.

त्या क्रमांकापुढे नाते लिहावे. येथे हैदराबादच्या मराठी माणसाला एक गंमत ध्यानात ठेवावी लागते. त्याने फोनमध्ये वडिलांचा क्रमांक ‘नाना’ या नावाने साठविला असेल. हिंदी बोलणारा शिपाई ते वाचून समजेल, आईचे वडील. तेलुगू बोलणारा ‘नान्न’ समजून वडीलच म्हणेल आणि योगायोगाने बरोबर ठरेल. पण मराठी घरात नाना हा थोरला काकाही असू शकतो, आजोबाही असू शकतो आणि कोपऱ्यावरचा वाणीही असू शकतो. ‘आई’ हे अक्षर ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने ती देवनागरीतील एक रेघोटी. तेव्हा घरातल्या लाडक्या नावांना या चिठ्ठीत जागा नाही. नाव पूर्ण लिहावे, नाते स्पष्ट लिहावे, आणि लिहावे ते इंग्रजीत व तेलुगूत. पुण्यात वा नांदेडात राहणाऱ्याने मराठीत व इंग्रजीत लिहिले तर पुरे. पण हैदराबादेत मदतीला धावणारा मनुष्य मराठी जाणत असेलच असे नाही. आकडेही इंग्रजी वळणाचे असावेत. तेलुगू लिहिता येत नसेल त्याने शेजारच्या शाळकरी मुलाकडून त्या दोन ओळी लिहवून घ्याव्यात. मातृभाषेचा अभिमान दाखविण्याच्या जागा दुसऱ्या पुष्कळ आहेत.

यानंतर बहुतेक जण मोठ्या अक्षरांत रक्तगट लिहितात. हेल्मेटवर चिकटविण्याच्या पट्ट्याही याच मजकुराच्या मिळतात. या माहितीला जनमानसात जे महत्त्व आले आहे ते तिच्या खऱ्या उपयोगापेक्षा जास्त आहे, असे म्हटल्यास काहींना आश्चर्य वाटेल. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रक्ताचे गट शोधून काढले आणि १९३० मध्ये त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. चुकीच्या गटाचे रक्त प्राणघातक ठरू शकते हे त्यामुळेच कळले. आणि म्हणूनच कोणतीही रक्तपेढी चिठ्ठीवर विसंबून रक्त देत नाही. रुग्णाचे रक्त काढून गट पुन्हा तपासला जातो, दात्याच्या रक्ताशी ताडून पाहिला जातो. तेवढाही वेळ नसेल तर बहुतेकांना चालणारे ‘ओ’ गटाचे रक्त दिले जाते. चिठ्ठीवर रक्तगट लिहिण्यास हरकत नाही, पण ती ओळ शेवटी असावी.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि त्याचा शोध मुंबईत लागला ही महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष गोष्ट. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तप्रकाराची हकीकत प्रसिद्ध केली. नेहमीच्या साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते, परंतु प्रत्यक्षात त्या माणसाला ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही. त्याच्याच प्रकारच्या दुसऱ्या माणसाचे रक्त लागते. जगभर त्याला ‘बाँबे’ रक्तगट असेच नाव पडले. भारतात अशी माणसे साधारणपणे दहा हजारांत एखादी आढळतात. ज्याला आपला गट हा आहे हे ठाऊक झाले आहे त्याने ते सर्वांत वर, ठळकपणे लिहिले पाहिजे. ‘बहुतेकांना चालणारे’ म्हणून घाईने दिलेले रक्त त्याच्याच बाबतीत घातक ठरावयाचे. सविस्तर ताडणीत हा प्रकार उघड होतो हे खरे, पण आधी सूचना असली तर दुर्मिळ दात्याचा शोध तासभर आधी सुरू होतो.

बाकीच्यांच्या चिठ्ठीत रक्तगटापेक्षा मोलाची ओळ असते ती औषधांची. ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली आहे किंवा ज्याच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्याला रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. असा मनुष्य सायकलवरून पडला आणि डोक्याला साधेसे टेंगूळ आले तरी आत कवटीत रक्त साचत राहण्याचा धोका त्याला इतरांहून अधिक असतो. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, म्हणून कोणी त्याला घरी पाठविले तर अनर्थ होऊ शकतो. यातील काही औषधांचा परिणाम उलटविता येतो, मात्र प्रत्येकाचा उतारा निराळा. वॉरफरिनचा वेगळा, डॅबिगॅट्रानचा वेगळा. म्हणून ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ एवढे न लिहिता औषधाचे नाव लिहावे. हृदयविकारानंतर दिलेल्या अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्यांचेही तेच.

रक्तदाबासाठी पुष्कळांना बीटा-ब्लॉकर या वर्गातील गोळ्या चालू असतात. अंगात कोठे रक्तस्राव होऊ लागला म्हणजे नाडी जलद होते, आणि डॉक्टर त्यावरून आतल्या जखमेचा तर्क करतो. या गोळ्या नेमक्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. म्हणजे धोक्याची घंटा वाजावी आणि तिला कोणी कापड गुंडाळून ठेवलेले असावे. डॉक्टरला हे ठाऊक असेल तर तो नाडीवर विसंबणार नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याची गोष्ट याच्या उलट. त्याचे औषध एकाएकी बंद पडले, आणि तेही अपघाताच्या धक्क्यात, तर शरीर तो ताण सोसू शकत नाही. तीन दिवस ‘अनोळखी पुरुष’ म्हणून पडून राहिलेल्या माणसाला ती गोळी कोण देणार?

मधुमेह्याच्या बाबतीत घोटाळा रस्त्यावरच होतो. इन्शुलिन घेऊन, न्याहारी न करता सायकलवर निघालेल्याच्या रक्तातील साखर उतरली की त्याला घाम सुटतो, पाय लटपटतात, बोलणे अडखळते. पाहणारे म्हणतात, सकाळीच झोकून आला आहे! अशा वेळी खिशातली ‘मधुमेह, इन्शुलिन चालू’ ही एक ओळ त्याची अब्रू आणि जीव दोन्ही वाचविते. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखर द्यावी; बेशुद्धाच्या तोंडात साखरेचे पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. अपस्मार असलेल्याचेही असेच. झटका आलेल्या माणसाला कांदा हुंगविणे, हाताशी चप्पल धरणे, दातांत चमचा घालणे हे प्रकार अजून सर्रास चालतात. चिठ्ठीत रोगाचे नाव आणि ‘तोंडात काही घालू नये’ एवढे शब्द असले तर निदान चमचा तरी टळेल. पेनिसिलिन किंवा अन्य औषध सोसत नसेल तर ते अर्थातच लिहिले पाहिजे, आणि छातीत पेसमेकर बसविला असेल तर तोही.

अंगावर अशी सूचना बाळगण्याची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या गळ्यातील धातूच्या पट्टीवर नाव आणि क्रमांकाबरोबर रक्तगट, धनुर्वाताच्या लसीचे साल आणि धर्माचे आद्याक्षर कोरलेले असे. पाश्चात्त्य देशांतील कॅथलिक ख्रिस्ती लोक ‘मी कॅथलिक आहे, अपघात झाल्यास धर्मगुरूंना बोलवावे’ अशा अर्थाची ओळ कोरलेले पदक बाळगीत. त्यांची चिंता देहापलीकडची होती, पण युक्ती हीच. वैद्यकीय माहितीसाठी ही युक्ती रूढ झाली ती एका मुलीच्या निमित्ताने. १९५३ साली कॅलिफोर्नियातील टर्लॉक या गावी लिंडा कॉलिन्स या चौदा वर्षांच्या मुलीचे बोट कापले. धनुर्वातावरील सीरमची नुसती चाचणीपुरती मात्रा दिली आणि तेवढ्यानेही ती मरता मरता वाचली. पुढे ती घराबाहेर जाताना आईवडील तिच्या मनगटावर कागदाची चिठ्ठी बांधून देऊ लागले, आणि त्यातून धातूची साखळी आली. तिचे वडील डॉक्टर होते. त्यांनी १९५६ मध्ये ‘मेडिकअलर्ट’ ही संस्था काढली.

मनगटाची निवड त्या घराने सहज केली असेल, पण ती फार शहाणपणाची होती. मदतीला येणारा प्रशिक्षित माणूस प्रथम नाडी पाहतो, म्हणजे त्याचा हात मनगटाकडेच जातो. चिठ्ठी कोठे ठेवावी या प्रश्नाचे उत्तर या एका गोष्टीत आहे. सायकलीच्या दांड्याला किंवा सीटखालच्या पिशवीत ठेवलेली चिठ्ठी निरुपयोगी, कारण स्वार रुग्णवाहिकेतून जातो आणि सायकल पानपट्टीवाल्याच्या ओट्याला टेकून उभी राहते. हेल्मेटही पुष्कळदा रस्त्याच्या कडेलाच राहते. जे शरीराबरोबर जाईल तेच खरे. मनगटी पट्टी असल्यास उत्तम. नसल्यास सदऱ्याच्या वरच्या खिशात एक चिठ्ठी आणि गळ्यातल्या दोऱ्याला दुसरी. रुग्णालयात कपडे कात्रीने कापून बाजूला टाकावे लागतात, म्हणून दोन असाव्यात. घामाने शाई फुटते. बॉलपेनने लिहून वरून चिकटपट्टी लावावी.

मोबाइल फोन असताना हा कागदाचा खटाटोप कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमधील बॉब ब्रॉची या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने २००५ मध्ये सुचविले की प्रत्येकाने घरच्या माणसाचा क्रमांक ‘आय.सी.ई.’, म्हणजे ‘आणीबाणीच्या प्रसंगी’, या इंग्रजी आद्याक्षरांखाली साठवावा. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लंडनमध्ये बाँबस्फोट झाले आणि ही सूचना जगभर पोहोचली. पुढे फोनला कुलपे आली आणि साठविलेली नावे कुलपाआड गेली. त्यावर उपाय म्हणून आता फोनमध्येच अशी सोय असते की कुलूप न उघडता मालकाची वैद्यकीय माहिती व जवळच्यांचे क्रमांक दिसावेत. आयफोनमध्ये ती २०१४ पासून आहे, इतर फोनांतही आहे. ती प्रत्येकाने भरून ठेवावी, भरायला दहा मिनिटे लागत नाहीत. परंतु पडल्यावर काच फुटते, पावसात फोन बंद पडतो, आणि गर्दीत एखादा हात फोन उचलून चालताही होतो. चिठ्ठी कोणी चोरीत नाही.

आधारपत्राची प्रत बाळगली म्हणजे झाले, हीही एक समजूत आहे. त्यावरून नाव कळते आणि पत्ता कळतो, मात्र तो पत्ता कदाचित दहा वर्षांपूर्वीचा. बंद दाराला कुलूप असेल तर पत्त्याचा उपयोग काय? आणि आजाराविषयी त्यावर अवाक्षर नसते. शिवाय ते हरवले तर नसता ताप.

एक सावधगिरी मात्र येथेच सांगितली पाहिजे. घरचा क्रमांक हेल्मेटवर किंवा पाठीवर सर्वांना दिसेल असा लिहू नये. ‘तुमच्या माणसाला अपघात झाला आहे, आधी पैसे पाठवा’ असे सांगून लुबाडणारे लोक आहेत. घरच्यांनाही शिकवून ठेवावे की असा फोन आल्यास प्रथम विचारावे, कोणत्या रुग्णालयात नेले. मग त्या रुग्णालयात स्वतः चौकशी करावी आणि निघावे. पैशाची गोष्ट तेथे पोहोचल्यावर.

नल्लकुंट्याच्या ‘कोरंटी दवाखान्या’चा सायकलस्वाराशी काहीच संबंध नाही असे वर वाचून कोणास वाटले असेल, तर तेवढे दुरुस्त केले पाहिजे. पहाटेच्या सायकलस्वाराचा सर्वांत नेमाने भेटणारा शत्रू मोटार नसून कुत्रा आहे. फिरत्या चाकामागे आणि हलत्या पोटरीमागे धावणे त्याला कोण शिकविते देव जाणे. कुत्रा चावला तर मात्र याच रुग्णालयाची वाट धरावयाची, कारण पिसाळ रोग हा त्याच्या कक्षेतला. ज्याने रेबीजच्या लसीचा पूर्ण क्रम पूर्वी घेतला आहे त्याला पुन्हा चावा झाल्यास एक लगेच आणि दुसरी त्यानंतर तीन दिवसांनी अशा दोनच मात्रा पुरतात, आणि जखमेत टोचावयाचे महागडे सीरम लागत नाही. पण पूर्वी लस घेतली होती हे सांगता आले पाहिजे, आणि तारखा कोणाच्या लक्षात राहतात? तेव्हा चिठ्ठीच्या पाठीमागे रेबीजच्या व धनुर्वाताच्या शेवटच्या लसीची तारीख लिहिण्याइतकी जागा ठेवावी.

प्रकृतीसाठी सायकल चालविणारे हे सर्व वाचतील आणि कदाचित करतीलही. पोटासाठी चालविणाऱ्यांचे काय? हे वर्तमानपत्र दारात टाकून गेलेल्या मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नसते, सायकलीला दिवा असेलच असे नाही, आणि घरचा क्रमांक त्याला पाठ असतो, म्हणजे बेशुद्धीत तो नसल्यासारखाच. पहाटे गठ्ठे वाटून देणाऱ्या विक्रेत्याला मात्र त्या सर्व मुलांची नावे आणि घरे ठाऊक असतात. गठ्ठ्यांबरोबर प्रत्येकाला अशी एकेक चिठ्ठी द्यावयाची ठरविली तर एका संध्याकाळचे काम आहे. दूधकेंद्र चालविणाऱ्याला आणि रखवालदार पुरविणाऱ्या कंत्राटदारालाही ते जमण्यासारखे आहे. त्यात मुलाचे नाव, घरचा एक क्रमांक, विक्रेत्याचा एक क्रमांक, आणि असल्यास आजार, इतके पुरे.

चिठ्ठी एकदा लिहून विसरली जाते, हा तिचा मोठा दोष. क्रमांक बदलतो, डॉक्टर गोळी बदलतो, चिठ्ठी मात्र जुनेच सांगत राहते. बंद केलेल्या औषधाचे नाव पाहून डॉक्टर भलतीकडे वळण्यापेक्षा कोरा कागद बरा. नवी औषधे आणली की त्याच दिवशी जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहावी, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात लिहिल्याची तारीख घालावी, म्हणजे वाचणाऱ्याला ती मजकुरासह कळेल.